न संपणारी बॉबिन

पत्र

ताई, मी इंदिरानगरला घरीच ब्लाउज शिवते. वय ३९. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मास्क शिवता शिवता इन्स्टाग्रामवर खातं उघडलं, तेव्हापासून आरी वर्कच्या बऱ्याच ऑर्डरी तिथूनच येतात. पण आता फोन माझ्या ताब्यात राहिलेला नाही. परवा गिऱ्हाईक समोर उभं होतं. तिला मागच्या गळ्याचं डिझाइन दाखवायचं म्हणून फोन उघडला आणि ती "दाखवताय ना?" म्हणाली तेव्हा कळलं की मी भलतंच काहीतरी बघत बसलेय. रात्री अकराला सगळं आवरून आडवी होते, पाच मिनिटं म्हणून फोन घेते, एक कधी वाजतो समजत नाही. सकाळी डोळे चुरचुरतात, सुईत दोरा ओवता येत नाही. संकष्टीला शपथ घेतली, चार दिवस पाळली. मिस्टर म्हणतात, फोन गोदावरीत सोडून ये. मुलगा दहावीला आहे. त्याला फोन ठेव म्हटलं की म्हणतो, "आधी तू ठेव." माझ्याकडे त्यावर उत्तर नसतं. मी पूर्वी अशी नव्हते, वाचायची आवड होती मला. माझ्यातच काही खोट आहे का? खातं बंद करून टाकू का?

— शिवणकाम करणारी एक ताई, नाशिक

उत्तर

ताई, खातं बंद करू नका. ते तुमचं दुकान आहे आणि तुम्ही ते स्वतःच्या हातांनी उभं केलंय.

आणि खोटीचं म्हणाल, तर जी बाई फ्रेमवर ताणलेल्या कापडावर तीन-तीन तास मान मोडून एकेक मणी, एकेक टिकली आरीने ओवते, तिच्याजवळ संयम नाही हे मी कसं मानू? तुमच्याकडे संयम भरपूर आहे. फक्त ज्या गोष्टीशी तुमची गाठ पडलीय ती संयमाची वेळच येऊ देत नाही. ते कसं, हे समजलं की शपथ चार दिवसांत का मोडली तेही समजेल. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या मशीनचंच बघा. शिवता शिवता खालचा दोरा संपतो. सुई खालीवर होत राहते, पण टाका पडत नाही. मग तुम्ही पायडलवरून पाय काढता, शटल उघडता, बॉबिन भरायला लावता. त्या मिनिटभरात पाठ सरळ होते, घड्याळाकडे नजर जाते, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते आठवतं. एवढी बाही झाली की चहा टाकू, असं आपण त्याच वेळी ठरवतो. काम कुठे थांबवायचं हे आपल्याला असे छोटे खंडच सांगत असतात. वर्तमानपत्राचं शेवटचं पान येतं, मालिका साडेआठला संपते, गावाकडच्या गप्पासुद्धा कंदील विझला की थांबायच्या.

इंटरनेटवरही पूर्वी असे खंड होते. पान संपायचं, पुढचं हवं असेल तर बटण दाबावं लागायचं. २००६ साली आझा रॅस्किन नावाच्या अमेरिकन डिझायनरने एक युक्ती काढली: खाली सरकत जा, पुढचा मजकूर आपोआप येत राहील, बटण दाबायची गरज नाही. त्याचा हेतू वाईट नव्हता, लोकांचे कष्ट वाचावेत एवढंच त्याच्या मनात होतं. पण पुढे याच युक्तीने लोकांचा किती वेळ गिळला ते पाहून त्याने स्वतः जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्याने नकळत बॉबिन संपण्याचा क्षणच काढून टाकला होता. रात्री अकरा ते एक या वेळात "पुरे का?" असं तुम्हाला एकदाही कुणी विचारत नाही, ताई. त्यात व्हिडिओ आपला आपणच सुरू होतो, म्हणजे "बघू का?" हाही प्रश्न उरत नाही.

दुसरी गोष्ट आशेची. गंगापूर धरणाच्या काठी गळ टाकून बसलेले लोक तुम्ही पाहिले असतील. प्रत्येक वेळी मासा लागला असता तर माणूस दोन मासे घेऊन घरी गेला असता. कधीच लागला नसता तरी घरी गेला असता. कधी लागतो, कधी लागत नाही, म्हणून तो उन्हात बसून राहतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं आणि १९५७ साली ते सगळं पुस्तकरूपाने आलं. किती वेळा चोच मारल्यावर दाणा मिळेल हे ठरलेलं नसेल, तर कबुतर थकेपर्यंत चोच मारत राहतं. दाणा देणं बंद केलं तरी बराच वेळ मारत राहतं.

तुम्ही नव्या ब्लाउजचा फोटो टाकता. लाइक लगेच येतात, मग थांबतात, मग तासाभराने एकदम दहा येतात. २००९ साली फेसबुकने लाइकचं बटण आणलं, तेव्हापासून कौतुक मोजता यायला लागलं. आणि जे मोजता येतं ते माणूस पुन्हा पुन्हा मोजतो. फोटो टाकल्यावर त्या दिवशी तुम्ही किती वेळा फोन उघडता ते एकदा खुणा करून पाहा. फोडणीत मोहरी तडतडत असतानाही हात पुसून बघितलं असेल. मीही बघते. स्क्रीन खाली ओढली की ते चक्र क्षणभर गरगरतं, त्या क्षणात छातीत काहीतरी जरा वर होतं. त्याच क्षणासाठी हात पुन्हा जातो.

तुमचं पत्र आल्यावर मी एका रविवारी संध्याकाळी वही-पेन घेऊन फोनसमोर बसले. बघायची होती फक्त पैठणीच्या काठाची बाही. पहिले दोन व्हिडिओ बाहीचे आले. तिसरा साडी नेसण्याचा. चौथ्यात एक सून कॅमेऱ्यासमोर रडत सासूबद्दल सांगत होती. मला ते आवडलं नाही, पण मी थांबले. नक्की काय झालं ते कळावं म्हणून शेवटपर्यंत बघितलं. पाचवा मिसळीचा, आपल्याच नाशिकचा, तर्रीचा चमचा हळूहळू सोडलेला. सहाव्यात पुन्हा एक रडणारी सून, सातव्यातही तेच. बाही राहून गेली. वहीत मी त्या चौथ्या ओळीखाली रेघ मारली, कारण सगळी वाट तिथेच वळली होती.

या ॲपला तुम्ही काय लाइक केलं एवढंच कळत नाही, तुमचं बोट कुठे किती वेळ थांबलं हेही कळतं. आणि बोट आवडीने थांबलं की किळस, राग, काळजी यांनी थांबलं, यात त्याला फारसा फरक पडत नाही. थांबलात, म्हणजे हवंय. त्यामुळे जे बघून तुम्हाला वाईट वाटतं तेच जास्त येत राहतं आणि मग वाटतं, मला असलंच का आवडतं? तुम्हाला ते आवडत नाही, ताई. तुम्ही नुसत्या थांबला होतात. असा व्हिडिओ आला की त्यावर बोट दाबून धरा आणि 'नॉट इंटरेस्टेड' निवडा. फार कमी लोक ते वापरतात. आठवडाभर नेटाने वापरलं तर समोर येणाऱ्या गोष्टींत फरक पडतो, माझ्या फोनवर पडला.

हे सगळं असं का केलंय? आपण ॲपला पैसे देत नाही, जाहिरातदार देतात. आपण जितका जास्त वेळ आत, तितक्या जास्त जाहिराती. हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने १९७१ सालीच म्हणून ठेवलं होतं की माहितीचा सुकाळ झाला की लक्ष देण्याचा दुष्काळ पडतो. आज त्या दुष्काळातलं पाणी विकलं जातंय. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी तर २०१७ साली उघड सांगितलं की, लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसं घेता येईल, हाच विचार सुरुवातीपासून होता आणि माणसाच्या मनातली एक कच्ची जागा आम्ही जाणूनबुजून वापरली.

तुमची सुरुवातही कोणत्या वेळी झाली बघा. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स आले, तेही आधी भारतातच. तुम्ही मास्कचे फोटो टाकायला ज्या खिडकीशी गेलात, तिचं काही आठवड्यांत थिएटर झालं. म्हणून "मी पूर्वी अशी नव्हते" असं जे तुम्हाला वाटतं ते खरंच आहे. ते ॲपही पूर्वी असं नव्हतं.

म्हणून आता शपथ नको. शपथ मोडली की आपण स्वतःलाच बोल लावतो आणि तो बोल विसरायला पुन्हा फोन घेतो. मनावर सोपवण्याऐवजी वस्तूंच्या जागा बदला.

आधी दुकानाचं बघू. गिऱ्हाइकासमोर इन्स्टाग्राम उघडायचंच नाही. गळे, बाह्या, लटकन, आरीचे नमुने असे चार अल्बम फोनच्या गॅलरीत करा आणि तिथूनच दाखवा. त्याहून बरं म्हणजे तुमच्या स्वतःच्या शिवलेल्या पन्नासेक ब्लाउजचे फोटो छापून घ्या आणि एक जाडजूड अल्बम टेबलावर ठेवा. बायकांना पानं उलटायला आवडतात आणि अल्बमला शेवटचं पान असतं. ऑर्डरींसाठी व्हॉट्सॲप बिझनेस वापरा. तुम्ही कामात असताना "सायंकाळी सहानंतर उत्तर देते" असा निरोप त्यातून आपोआप जातो. निळ्या खुणांचा ताण होत असेल तर त्या बंद करता येतात. मग तुम्हालाही समोरच्याच्या दिसणार नाहीत, पण त्याने तुमचं काही अडत नाही.

सूचनांपैकी फक्त माणसांच्या ठेवा: फोन आणि गिऱ्हाइकाचा मेसेज. 'अमुक यांनी बऱ्याच दिवसांनी फोटो टाकला', 'तुमच्यासाठी खास रील' हे सगळं बंद. ही माणसांची हाक नाही, दुकानदाराची आरोळी आहे. नवे नमुने बघायला आठवड्यातून दोनदा, दुपारी, मशीनजवळ बसून, वहीत आधी लिहून जा: "बोट नेक, नेटची बाही." दोन्ही मिळालं की बाहेर.

स्क्रीनचे रंग काढून ती करड्या रंगाची करा, मग फोन नीरस वाटतो, असाही एक चांगला सल्ला आहे. पण तुम्हाला दोऱ्याची शेड जुळवायची असते, अस्तर मॅच करायचं असतं, दिवसा रंग हवेतच. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये झोपेच्या वेळेची सोय असते, त्यातून रात्री दहानंतर रंग आपोआप जातात. तेवढं लावा. 'आज अर्धा तास झाला' अशी आठवण देणाऱ्या टायमरवर मात्र माझा फारसा भरवसा नाही. तो बाजूला सारायला एक बोट पुरतं.

आता रात्रीचं. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "सगळं आवरून आडवी होते." म्हणजे अकरापर्यंत दिवसातला एकही तास तुमचा नसतो. सकाळी डबे, मग गिऱ्हाइकं, मग मुलाचा क्लास, मग स्वयंपाक. घर निजल्यावर जो वेळ उरतो तो पहिला तुमचा स्वतःचा वेळ आणि तो झोपेत घालवायचा म्हटलं की जीव नाही म्हणतो. मला हे फार आतून कळतं. वडील गेले त्यानंतर तीनेक महिने मीही अंधारात, आवाज बंद करून, रात्री दोनपर्यंत रील बघत बसायचे. मला त्यातलं काही बघायचं नव्हतं. कुणी काही मागत नाही अशी जागा हवी होती. त्या दिवसांत मला कुणी "बाई, तू व्यसनी झालीस" म्हटलं असतं तर मी आणखी खोल गेले असते. माझी धाकटी बहीण रोज रात्री साडेनऊला फोन करायला लागली आणि मी चार्जर स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, एवढंच झालं. हळूहळू झोप परत आली. तुम्हीही चार्जर झोपायच्या खोलीबाहेर ठेवा.

तेव्हा रात्रीचा फोन काढायचा असेल तर त्या जागी तुमचा तास आधी द्यावा लागेल आणि तो उजेडात द्यावा लागेल. हे मी तुमच्या मिस्टरांनाही वाचून दाखवा म्हणते. दादा, फोन गोदावरीत सोडू नका. नऊला जेवणं झाली की मागचं आवरणं, ओटा पुसणं, दूध झाकणं हे तुम्ही आणि मुलाने मिळून करायचं. ताईंना तो एक तास मोकळा मिळाला तर अकराला चोरावा लागणार नाही. त्या तासात त्यांनी काय करायचं ते त्यांचं त्या ठरवतील. गॅलरीत नुसतं बसल्या तरी चालेल.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की पूर्वी वाचायची आवड होती. अस्तर आणायला मेन रोडला जाताच, तर शालिमारजवळचं सार्वजनिक वाचनालय वाटेतच आहे. १८४० पासून चालू असलेली संस्था आहे ती, आपल्या नाशिकचं वैभव. सभासद व्हा. पुस्तक परत करायची तारीख असते, हेसुद्धा एक चांगलं बंधन आहे.

मुलाचं "आधी तू ठेव" हे वाक्य तुम्हाला लागलं, पण तो उद्धटपणा मानू नका. त्याने तुम्हाला एक अट घातलीय आणि ती रास्त आहे. ती मान्य करा. त्याला समोर बसवून सांगा, "तू म्हणतोस ते खरं आहे, मलाही जमत नाहीये, आपण दोघं मिळून करू." आणि वर मी लिहिलेलं बॉबिनचं, गळाचं, बोट थांबण्याचं त्याला सांगा. या वयाच्या मुलांना 'फोन वाईट' हे पटत नाही, पण कुणीतरी आपल्याला खेळवतंय हे कळलं की राग येतो. तो राग कामाचा आहे. तुमच्या फोनमधल्या सेटिंग त्यालाच करायला लावा. फक्त आपण निवडलेल्या लोकांच्या पोस्ट क्रमाने दाखवणारी 'फॉलोइंग' सोय आणि सुचवलेल्या पोस्ट ३० दिवस थांबवण्याची सोय त्याला शोधायला सांगा, त्याला पाच मिनिटंही लागणार नाहीत. आईचा फोन दुरुस्त करता करता स्वतःचाही करेल.

घराचा नियम एकच असू दे आणि तो सगळ्यांना सारखा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून काय केलं ठाऊक आहे? संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, की घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. साडेआठला पुन्हा भोंगा. दीड तास. गावाला ते जमलं कारण कुणा एकट्या पोराला "तू ठेव" म्हटलं नाही, सरपंचापासून सगळ्यांनी ठेवले. तुमच्या घरात भोंगा नाही, पण दहावीच्या मुलाच्या अभ्यासाचे सात ते साडेआठ तुम्हा तिघांना पाळता येतील. तिन्ही फोन एकाच ठिकाणी, शक्यतो तुमच्या मशीनच्या खणात. गिऱ्हाइकांना तसं सांगून ठेवा, बायका समजून घेतात. दहावीचं वर्ष म्हटलं की आपल्याकडे अख्खी गल्ली समजून घेते.

पहिले आठ-दहा दिवस हात उगाच फोनकडे जाईल. खण उघडाल, बंद कराल. चिडचिडही होईल. मध्ये एखादी रात्र पुन्हा एक वाजेल. त्या रात्रीमुळे सगळं बुडालं असं समजू नका, दुसऱ्या दिवशी चार्जर पुन्हा बाहेरच लावा. मात्र फोन दूर ठेवूनही दोन-तीन आठवडे झोप लागली नाही, मन सतत उदास राहिलं, कशातच गोडी वाटेना, तर ते फोनच्या पलीकडचं असू शकतं. तेव्हा १४४१६ या नंबरवर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. संकोच करू नका.

आज संध्याकाळपुरतं एकच काम देते. उद्या सकाळी उठायला गजर लागतो म्हणून फोन उशाशी असतो, हे सगळ्यांचंच कारण आहे. रविवार कारंज्याच्या बाजूला गेलात तर एक साधं गजराचं घड्याळ घेऊन या. सेलवर चालणारं घ्या, चावीचं फार टिकटिक करतं. आणि अंधारात काटे दिसतील असं बघा, म्हणजे रात्री किती वाजले ते पाहायलाही फोन लागणार नाही.